साडेतीन इंचांचा इतिहास

जुन्या गाड्यांची वर्कशॉप मॅन्युअल्स वाचण्याचा नाद मला बरीच वर्षं आहे. या पुस्तिकांची पहिली चार पानं म्हणजे नुसते आकडे. सिलिंडरचा व्यास, पिस्टनची धाव, व्हॉल्व्हचं अंतर, तेल किती, हवा किती. सहसा कोणी ती वाचत नाही. पण एकदा अँबॅसिडरची आणि एमजीए या इंग्लिश स्पोर्ट्स कारची अशी पानं शेजारी-शेजारी ठेवली, आणि दोन्हीकडे तेच आकडे दिसले. व्यास ७३.०२५ मिलिमीटर, धाव ८८.९ मिलिमीटर, क्षमता १,४८९ सीसी. मंत्रालयाच्या आवारात रांगेनं उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या अँबॅसिडरच्या आणि १९५५ साली इंग्लंडात तरुणांना वेड लावणाऱ्या त्या दोन आसनी गाडीच्या पोटात एकाच घराण्याचं इंजिन होतं. अँबॅसिडरमध्ये ते सुमारे ५० अश्वशक्ती देई. एमजीएमध्ये त्याच क्षमतेतून सुरुवातीला ६८ आणि लवकरच ७२ काढली गेली.

हा फरक कुठून आला, आणि तो वाढवण्यासाठी पुढच्या पन्नास वर्षांत बेताच्या कमाईच्या माणसांनी काय काय केलं, हा या लेखाचा विषय. स्पोर्ट्स कारचा इतिहास बहुधा शर्यती जिंकणाऱ्यांचा आणि श्रीमंतांचा म्हणून लिहिला जातो. माझ्या मते त्याची अधिक रंजक बाजू जुनी गाडी स्वस्तात घेऊन तिच्यात जास्त ताकद भरू पाहणाऱ्यांची आहे, आणि त्यांच्यासाठी एमजीइतकं चांगलं उदाहरण नाही.

कारण एमजी हीच मुळात तशी खटपट होती. ही अक्षरं मॉरिस गॅरेजेस या नावाची. ऑक्सफर्डमधल्या या गॅरेजचा व्यवस्थापक सेसिल किंबर १९२०च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर देखणी बॉडी चढवून त्या विकू लागला. १९२९ची एमजी मिजेट ही तर मॉरिस मायनरच्या ८४७ सीसी इंजिनावरच उभी होती. आधी २० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर्षभरात २७ देऊ लागलं, ते मुख्यतः कॅमशाफ्टची वेळ बदलून. इंजिनात नवा धातू नाही, नवा सिलिंडर नाही. व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी मिटायचा एवढंच बदललं. महायुद्धानंतर कंपनीनं ग्राहकांसाठी ट्यूनिंगच्या पुस्तिकाच छापल्या. त्यात टप्पे असत. पहिल्या टप्प्यात हेड घासून कॉम्प्रेशन वाढवा, पुढच्यात मोठे व्हॉल्व्ह आणि मोठे कार्बोरेटर बसवा, असं चढत जाणारं. ज्याच्या खिशात जेवढं, तेवढ्या टप्प्यावर त्यानं थांबावं.

अँबॅसिडरच्या घराण्याकडे परत येऊ. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची ही बी-सिरीज. तिचं मूळ १९४७च्या ऑस्टिन ए-४० गाडीच्या १,२०० सीसी इंजिनात. त्यातही पिस्टनची धाव ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. पुढे १,४८९, १,५८८, १,६२२ आणि शेवटी १,७९८ सीसी असं इंजिन वाढत गेलं. प्रत्येक वेळी व्यास वाढला, धाव तीच राहिली. आपल्याकडे साडेतीन या आकड्याला मान आहे, मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन. बर्मिंगहॅमच्या इंजिनिअरांना याची कल्पना असण्याचं कारण नाही. त्यांनी हा आकडा धरून ठेवला तो कारखान्यातली महागडी यंत्रं बदलावी लागू नयेत म्हणून.

१,७९८ सीसीचं हे शेवटचं रूप १९६२ साली एमजीबी या गाडीत आलं. सुमारे ९५ अश्वशक्ती, दोन एसयू कार्बोरेटर. ही गाडी १९८०पर्यंत बनत राहिली आणि पाच लाखांहून अधिक खपली, त्यातला फार मोठा वाटा अमेरिकेत. त्यामुळेच ती पुढे स्वस्तात मिळू लागली. दुर्मिळ गाडीवर प्रयोग करायला धीर लागतो. पाच लाखांतली एक कापायला तेवढा लागत नाही.

आता या इंजिनाची अडचण. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. जेवढी हवा आत जाईल तेवढंच पेट्रोल जळेल आणि तेवढीच ताकद मिळेल. बी-सिरीजचं हेड मी लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी अँबॅसिडरवरून उतरवलेलं पाहिलं आहे. मेस्त्रीनं ते बाकावर उभं केलं तेव्हा त्याच्या एकाच बाजूला पाच तोंडं दिसली. चार सिलिंडरांना आठ व्हॉल्व्ह आणि तोंडं मात्र पाच. हवा आत घेण्यासाठी दोन, धूर बाहेर टाकण्यासाठी तीन. म्हणजे पहिला आणि दुसरा सिलिंडर एकाच तोंडातून हवा ओढतो, तिसरा आणि चौथा दुसऱ्या तोंडातून. प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२. त्यामुळे जोडीतल्या दोघांची ओढायची वेळ लागोपाठ येते. पहिल्याचं जेवण आटोपण्याआधीच दुसरा त्याच ताटात हात घालतो, आणि मग ते ताट बराच वेळ रिकामं पडून राहतं. दोघांना सारखा वाटा कधीच मिळत नाही. टॅक्सीला, सरकारी गाडीला याचं काही वाटत नाही. साडेपाच हजार फेऱ्यांवर पळवायच्या इंजिनाला वाटतं.

तरी या हेडमधून बरंच काही काढता आलं, कारण ज्वलनकक्षाचा आकार हॅरी वेस्लेक नावाच्या हवेच्या प्रवाहाचा जाणकार माणसाच्या अभ्यासातून आला होता. हवेचा मार्ग कानशीनं आणि ग्राइंडरनं रुंद करायचा, व्हॉल्व्हच्या बैठकीजवळची ओतकामाची धार काढून टाकायची, हेड फेसिंगला देऊन कॉम्प्रेशन थोडं चढवायचं, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे, एक्झॉस्टची नळी मोकळी करायची. यातलं बहुतेक काम मजुरीचं आहे, सुट्या भागांचं नाही, म्हणून ते गरिबाला परवडतं. पण इथेच एक हिशेब आहे आणि तो भल्याभल्यांना चुकलेला आहे. पहिल्या दहा अश्वशक्ती जवळपास फुकट मिळतात. पुढच्या दहांना त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. त्यापुढे इंजिन वेगात बरं आणि सिग्नलला बंद पडणारं होतं. शर्यतीचा कॅमशाफ्ट घातलेली गाडी बाजारात न्यायच्या कामाची राहत नाही.

अमेरिकेतल्या मालकांची सुरुवात तर उण्यापासून होती. धुराच्या नियमांमुळे १९७५पासून तिथल्या एमजीबीला दोनऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर आला, आणि अश्वशक्ती सुमारे ६२वर घसरली. त्याच सुमारास टकरीच्या नियमांसाठी पुढे-मागे काळ्या रबराचे जाड बंपर आले आणि दिव्यांची उंची नियमात बसावी म्हणून सगळी गाडीच वर उचलली गेली. तेरा वर्षांत गाडी जड झाली, उंच झाली आणि अशक्तही झाली. या गाड्यांना जुन्या गाडीवरचे दोन एसयू कार्बोरेटर परत बसवणं हा सगळ्यात प्रचलित स्वस्त उपाय ठरला. म्हणजे सुधारणा कसली, कंपनीनं काढून घेतलेलं परत मिळवणं.

मोठं इंजिन घालणं हा दुसरा रस्ता. कंपनीनं तो स्वतः आधी चालून पाहिला आणि तिथे ठेच खाल्ली. १९६७च्या एमजीसीत तीन लिटरच्या आसपासचं, सहा सिलिंडरचं, बिडाचं इंजिन घातलं. ते मूळ इंजिनापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड होतं आणि सगळं वजन पुढच्या चाकांवर. वळणावर नाक आत यायला तयार नाही, अशी ओरड परीक्षणांत झाली. दोन वर्षांत सुमारे नऊ हजार गाड्या करून ती बंद झाली. ताकद वाढली, गाडी बिघडली. वजनाचा विचार न करता इंजिन बदललं की काय होतं याचा तो जाहीर नमुना होता.

उत्तर मात्र अमेरिकेतल्या भंगारात पडलं होतं.

जनरल मोटर्सनं १९६१ साली ब्यूक, ओल्ड्समोबिल आणि पाँटियाक या आपल्या घराण्यांतल्या लहान गाड्यांसाठी साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन काढलं. ते सगळं अ‍ॅल्युमिनियमचं, सिलिंडरला फक्त लोखंडी लायनर. वजन सुमारे १४४ किलो. अमेरिकन व्ही-८ म्हणजे बिडाचं धूड अशी कल्पना असलेल्या काळात हे नवल होतं. १९६२च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये याच इंजिनाला टर्बोचार्जर जोडला गेला, आणि टर्बो असलेल्या पहिल्या दोन उत्पादित मोटारींत तिची गणना होते. पण अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम त्यांना नीट जमेना. ओतीव सच्छिद्र निघून वाया जात. मालक अ‍ॅल्युमिनियमला चालणारं कूलंट घालत नसत, त्यामुळे रेडिएटर चोंदत. तेवढ्यात पातळ भिंतींचं बीड ओतण्याचं तंत्र सुधारलं, आणि स्वस्त बिडाचं इंजिन पुरेसं हलकं होऊ लागलं. १९६३नंतर जनरल मोटर्सनं हे इंजिन टाकून दिलं.

टाकलेलं सर्वांत आधी उचलणाऱ्यांत ऑस्ट्रेलियन होते. फॉर्म्युला वनचा नियम बदलून १९६६पासून तीन लिटरची इंजिनं यायची होती, आणि इंग्लिश संघांकडे तयार इंजिन नव्हतं. मेलबर्नच्या रेप्को या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीनं ओल्ड्समोबिलचा हाच ब्लॉक घेतला. मोटरसायकलींच्या इंजिनांसाठी नावाजलेल्या फिल आयर्विंगनं त्यावर ओव्हरहेड कॅमशाफ्टची नवी हेड्स रचली. ताकद सुमारे तीनशे अश्वशक्ती, फेरारीच्या आकड्यांपुढे काहीच नाही. पण इंजिन हलकं, पेट्रोल कमी पिणारं आणि न मोडणारं. चाळिशीच्या जॅक ब्रॅबमनं १९६६मध्ये लागोपाठ चार शर्यती जिंकून जगज्जेतेपद मिळवलं, तेही स्वतःच्या नावाच्या गाडीत. असा तो पहिलाच. टाकून दिलेल्या मोटारीच्या ब्लॉकवर जगज्जेतेपद, ही गोष्ट सांगितल्यावर आजही काही जणांना खरी वाटत नाही.

दुसरा उचलणारा रोव्हरचा विल्यम मार्टिन-हर्स्ट. अमेरिकेत बोटींची इंजिनं बनवणाऱ्या मर्क्युरी मरीनच्या कार्यशाळेत त्याला जमिनीवर हे ब्यूकचं इंजिन पडलेलं दिसलं. तो गेला होता वेगळ्याच कामाला, स्वतःकडची इंजिनं विकायला. १९६५मध्ये हक्क विकत घेतले गेले, आणि ज्यानं ते मुळात आखलं तो निवृत्तीला आलेला ब्यूकचा अभियंता ज्यो टर्ली सल्ल्यासाठी इंग्लंडला गेला. रोव्हरनं ओतकामाची पद्धत बदलली. लायनर ओतताना आत धरण्याऐवजी ते नंतर दाबून बसवले. इंजिन सुधारलं आणि पुढे रोव्हरच्या मोटारींत, १९६८पासून मॉर्गनमध्ये, १९७०पासून रेंज रोव्हरमध्ये गेलं. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर. पुन्हा साडेतीन इंच, फक्त या वेळी आडवे.

१९६८मध्ये ब्रिटिश लेलँड स्थापन झाली, आणि रोव्हर व एमजी एका छपराखाली आल्या. एका शेडमध्ये अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८, दुसऱ्या शेडमध्ये ताकदीला भुकेली गाडी. दोन शेडमधलं अंतर कंपनीतल्या कोणाला चालवलं नाही. ते चालला केंटमधला केन कॉस्टेलो. तो मिनी गाड्या पळवणारा, लहानशा गॅरेजचा माणूस. त्यानं आधी अमेरिकन आणि मग रोव्हरचं व्ही-८ एमजीबीत बसवलं. नव्या इंजिनाचं वजन जुन्या चार सिलिंडरच्या बिडाच्या इंजिनाच्या आसपासच, त्यामुळे एमजीसीचं दुखणं इथे उद्भवलंच नाही. कार्बोरेटर वर येत होते म्हणून बॉनेटवर उंचवटा करावा लागला. त्यानं या गाड्या विकायला सुरुवात केली. मोटारविषयक नियतकालिकांनी त्या चालवून कौतुक केलं, आणि ब्रिटिश लेलँडनं त्याची गाडी पाहायला मागवली.

पुढे जे झालं ते अनपेक्षित नाही. कंपनीनं अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात आपली गाडी तयार केली. कार्बोरेटर मागे सरकवून बॉनेटचा उंचवटा टाळला, जे अभियांत्रिकी म्हणून कॉस्टेलोपेक्षा नक्कीच नेटकं होतं. पण इंजिन घेतलं ते रेंज रोव्हरचं कमी कॉम्प्रेशनचं, १३७ अश्वशक्तीचं. कॉस्टेलोच्या गाड्या १५०च्या घरात होत्या. ऑगस्ट १९७३मध्ये एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आली, फक्त बंद छपराची, आणि कॉस्टेलोच्या धंद्यातली हवाच निघून गेली. दोन महिन्यांनी अरब-इस्रायल युद्ध आणि तेलसंकट. साडेतीन लिटरची गाडी कोण घेणार? १९७६पर्यंत २,५९१ गाड्या झाल्या आणि उत्पादन थांबलं. जिथे एमजीबीचे बहुतेक ग्राहक होते त्या अमेरिकेत ती अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. अमेरिकन इंजिन इंग्लंडात आलं, अमेरिकेच्या लाडक्या इंग्लिश गाडीत बसलं, आणि परत गेलं नाही. लहान माणसाची कल्पना मोठ्यानं घेणं हे एक. पण ती घेऊन तिचं काहीच न करणं मला अधिक खटकतं.

या फसलेल्या गाडीनं एक गोष्ट मात्र मागे ठेवली. रबरी बंपरची एमजीबी आली तेव्हा तिची बॉडी व्ही-८ बसेल अशाच बेतानं बनू लागली. इंजिनाच्या खोलीची बाजूची पत्रं, पुढची आडवी तुळई, पुढे सरकलेली रेडिएटरची जागा, सगळं साधारण व्ही-८च्या सोयीचं. क्रोमच्या बंपरच्या सुंदर जुन्या गाडीत व्ही-८ घालायचं तर आतला पत्रा ठोकावा-कापावा लागतो आणि स्टिअरिंगच्या दांड्याला आणखी एक सांधा द्यावा लागतो. उलट ज्या रबरी बंपरच्या, उंच, ६२ अश्वशक्तीच्या गाडीला संग्राहक हात लावत नव्हते, ज्या म्हणूनच सर्वांत स्वस्त होत्या, त्यांच्यात ते जवळपास सरळ उतरतं.

इंजिनंही स्वस्त झाली. रोव्हर एसडी-१ ही मोठी सलून गाडी १९७६ ते १९८६ या काळात बनली. तिला गंज लवकर लागे. इंजिन धडधाकट आणि बॉडी कुजलेली, अशा गाड्या इंग्लंडच्या भंगारवाल्यांकडे साचल्या. एकाच गाडीतून व्ही-८ आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स दोन्ही निघे. अमेरिकेत लोक जुन्या ब्यूक आणि ओल्ड्समोबिलची मूळ इंजिनं शोधू लागले. खर्च इंजिनाचा कमी आणि आजूबाजूचा जास्त, हे मात्र प्रत्येकाला लवकरच कळे. एक्झॉस्टच्या नळ्या, मोठा रेडिएटर, जाड ब्रेक डिस्क. मागच्या आसाचं गुणोत्तर मूळ ३.९चं, व्ही-८ला कारखान्यानं दिलेलं ३.०७. ते न बदलता गाडी चालवली तर ताकद आहे पण इंजिन विनाकारण किंचाळत राहतं. स्वस्तातलं काम अर्ध्यावर सोडलेल्या कितीतरी गाड्या अशाच किंचाळत असाव्यात.

या एसडी-१चा भारताशी एक विचित्र संबंध आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सनं १९८५मध्ये हीच बॉडी ‘स्टँडर्ड २०००’ या नावानं आणली. आत व्ही-८ नव्हतं. होतं १,९९१ सीसीचं, १९४०च्या दशकातल्या व्हँगार्ड गाडीच्या घराण्यातलं चार सिलिंडरचं इंजिन, सुमारे ८३ अश्वशक्तीचं. इंग्लंडात लोक या गाडीतून इंजिन काढून जुन्या गाडीत घालत होते. आपल्याकडे नव्या गाडीत जुनं इंजिन घातलं गेलं. परवाने, आयातीवरचे निर्बंध, हाताशी असलेली यंत्रं, यातून जे जमलं ते. तीनेक वर्षांत ती गाडी बंद पडली आणि कंपनीही. पांढऱ्या रंगाची एखादी अजून कुठे उभी असलेली दिसली तर तिचं नाक लक्षात राहावं इतकं देखणं आहे, म्हणून अधिक वाईट वाटतं. अँबॅसिडरनं मात्र १९९२मध्ये इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घेतलं. पस्तीस वर्षांच्या बॉडीला नवं हृदय, आणि त्यावर ती २०१४पर्यंत तगली.

१९९२ हेच साल इंग्लंडातही यावं हा योगायोग. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८०मध्ये बंद झाला होता. पण एमजीबीच्या सुट्या बॉडीची मागणी इतकी होती की ब्रिटिश मोटर हेरिटेजनं जुने साचे शोधून नव्या बॉडी ठोकायला घेतल्या होत्या. त्याच बॉडीवरून रोव्हरनं ‘आरव्ही८’ ही उघडी गाडी काढली. ३.९ लिटर, १९० अश्वशक्ती. उघडी व्ही-८ एमजीबी कंपनीनं स्वतः पहिल्यांदाच केली, कॉस्टेलोनंतर वीसेक वर्षांनी आणि शेकडो घरगुती गॅरेजांनंतर. १९९५पर्यंत १,९८३ गाड्या झाल्या. त्यातल्या १,५७९ जपानला गेल्या. पुढे इंग्लिश मालकांनी त्यातल्या कितीतरी सेकंडहँड भावात परत विकत आणल्या. ब्यूकनं १९६३मध्ये टाकलेलं इंजिन लँड रोव्हरच्या गाड्यांत २००४पर्यंत बसत होतं.